ग्लायडर खुर्ची, आठ महिने आणि एक वायसर

गेल्या गुरुवारी रात्री अडीचला खुर्चीच्या पोटात ‘कटक’ झालं आणि डावी बाजू दोन बोटं खचली. मांडीवर नातू, नुकता डोळा लागलेला. हलले तर तो उठणार, न हलले तर खुर्ची बसणार. एक पाय जमिनीला रोवून तशीच वीस मिनिटं बसले. त्या वीस मिनिटांत या खुर्चीबद्दल जे जे मनात आलं ते सगळं चारचौघांत लिहिण्यासारखं नाही. जे आहे ते लिहिते.

खुर्ची म्हणजे तीच हो, बाळाला पाजायला म्हणून विकतात ती, बैठक पुढे-मागे झुलणारी ग्लायडर. रबरवूडचा सांगाडा, क्रीम रंगाचं मखमली कापड, सोबत पाय ठेवायला तसंच झुलणारं स्टूल. 16,499 रुपये. जुलैच्या शेवटी लेक बाळंतपणाला इथे सांगलीला, विश्रामबागेत आली, त्याच आठवड्यात तिने फोनवरून मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

आकडा ऐकून मी म्हटलं होतं, बसायला एवढे? मला 1994 साली काय होतं? बाज, भिंतीला लोड आणि मांडीवर उशी. “आणि तुझी पाठ?” लेक म्हणाली. पाठीचं नाव काढलं की मी गप्प बसते, कारण ती तेव्हापासून दुखतेच आहे.

तशी झुलायची सोय आमच्याकडेही होती. गावभागातल्या जुन्या घरात माजघरात शिसवी झोपाळा होता, दोन्ही पोरं त्यावरच झोपवली. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमच्या माजघरात ते फळीच्या वर होतं. फळी फुगली, वाळताना चिरली. पुढे ते घरच सुटलं, आणि इथे फ्लॅटच्या स्लॅबला कड्या मारायला सोसायटी तयार नाही. त्या झोपाळ्याच्या कड्या करकरायला लागल्या की सासूबाई खोबरेलाचे दोन थेंब सोडायच्या आणि विषय मिटायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिले पंधरा दिवस ही खुर्ची दुपटी वाळत घालायच्या कामाची होती. मिरजेच्या दवाखान्यात लेकीचं सिझर झालं. टाके ओले असताना हातांवर जोर देऊन उठायला जावं तर बैठक सरकते, आणि सगळा ताण पोटावर. ती सरळ डायनिंगच्या खुर्चीत बसून पाजायची, पाठीला उशी, पायाखाली पाट. शिवाय सिझरच्या बायकांना शिकवतात तसं नर्सने बाळाला बगलेत धरून, त्याचे पाय मागच्या बाजूला काढून पाजायला शिकवलं होतं, म्हणजे वजन टाक्यांवर येत नाही. त्याला बाजूला मोकळी जागा लागते. या खुर्चीच्या दोन हातांमध्ये मोजून वीस इंच, त्यात लेक बसल्यावर बाळाच्या पायांना जागा कुठली? जाहिरातीतल्या बाईला ही अडचण येत नाही, कारण ती बाळाला पाजतच नाही, नुसती खिडकीबाहेर बघत बसते.

तिसऱ्या आठवड्यापासून मात्र माझं मत फिरलं. टाके सुकले, बाळाला आडवं घेऊन पाजणं सुरू झालं आणि खुर्चीची खरी किंमत दिसली. हातांची उंची लेकीला अगदी बेतशीर. खाली एक उशी घेतली की कोपर टेकतं, खांदे वर चढत नाहीत. “बाळाला वर आणा, तुम्ही खाली वाकू नका,” असं नर्स दहादा सांगायची, ते या खुर्चीत आपोआप होतं. दर दोन-अडीच तासांनी पाजणं, वर ढेकर काढायला पंधरा-वीस मिनिटं खांद्यावर. एवढं करून पोरगी एकदाही पाठ दुखते म्हणाली नाही. तेव्हा मी मनातल्या मनात 16,499 पैकी दहा हजार माफ केले.

पण लेक पाच फूट पाच इंच आणि मी चार फूट अकरा. बैठक जमिनीपासून साडेअठरा इंच. दिवसा ती पाजायची, रात्री थोपटायची पाळी माझी, कारण गुडघ्यांमुळे बाळाला घेऊन येरझाऱ्या घालणं मला जमत नाही. मी बसले की पाय लोंबकळतात. मागे टेकावं तर बैठक इतकी खोल की गुडघे कडेपर्यंत पोचतच नाहीत, पुढे सरकून बसावं तर पाठ अधांतरी. सोबतचं स्टूल जवळ ओढलं तर तेही झुलतं, म्हणजे खुर्ची एकीकडे, स्टूल दुसरीकडे आणि मी मध्ये. शेवटी तोच जेवणाचा सागवानी पाट पायाखाली आणि दुमडलेली गोधडी पाठीमागे, तेव्हा जमलं. घ्यायची असेल तर घरात बाळाला घेऊन बसणारी जी सगळ्यात बुटकी बाई असेल तिला आधी बसवून बघा. बसवणार कुठे, हा प्रश्न आहेच. आम्ही गणपती पेठेपासून मिरजेपर्यंत दुकानं पालथी घातली. वेताच्या होत्या, झुलत्या आरामखुर्च्या होत्या, ग्लायडर एकाकडे नव्हती.

कापडाबद्दल एकच ओळ: हळदीच्या गावात राहून, तेलाने माखलेलं बाळ घरात असताना क्रीम रंग घेऊ नका, आणि घेतलात तर हातांचेही अभ्रे निघतात का ते बघा, आमचे फक्त बैठकीचे निघतात.

आता कुरकुरीकडे येते.

ऑक्टोबरात सुरू झाली. पुढे येताना काही नाही, मागे जाताना ‘कुईं’. तीही दर वेळी नाही. चार-पाच झोके गुपचूप जायचे, मग एकदा व्हायची. दिवसा ऐकू यायची नाही. रात्री दोनला, पंखा एकवर असताना, वरच्या मजल्यावर जाईल इतकी. मी अर्धाच झोका घ्यायला शिकले, मागे नेताना अडीच इंचांवर थांबायचं. अंग डावीकडे कललं की लवकर होते, उजवीकडे कललं की उशिरा, इतपत अभ्यास झाला. लेक म्हणाली, “आई, बाळ कुकरच्या चार शिट्ट्यांत झोपतं. त्याला काही होत नाही. तुलाच होतंय.” खरं आहे. तो एकदाही त्या आवाजाने उठला नाही. पण मला पुढची ‘कुईं’ कधी होते याची वाट बघत बसावं लागायचं, त्याचं काय?

दिवाळीत मी सासूबाईंचा उपाय केला. वाटीत खोबरेल, कापसाचा बोळा, खालच्या सगळ्या सांध्यांना. आठवडाभर शांत. मग डिसेंबर आला. थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं हे ठाऊक असलेल्या बाईला सांध्यातलंही गोठेल हे सुचू नये? झोका जड झाला, आणि पावडर, धूळ, गोधडीचा कापूस सगळं त्या तेलाला चिकटून काळं कीट तयार झालं. कुरकूर होतीच, आता ती घोगरी झाली.

जानेवारीत कंपनीला फोन केला. वर्षाची वॉरंटी आहे. तिकडून पोरगी म्हणाली, “मॅडम, आपका पिनकोड सर्व्हिसेबल नहीं है.” मी म्हटलं, 416415 ला खुर्ची पाठवून पैसे घेतलेत तेव्हा होता की. मग व्हिडिओ मागितला. ह्यांनी खाली आडवं पडून, टॉर्च लावून व्हिडिओ काढला. चार दिवसांनी उत्तर: बाहेरचं तेल वापरल्यामुळे वॉरंटी रद्द. कुरकूर आधीची, तेल नंतरचं, हे मी तीन वेगवेगळ्या माणसांना तीन वेळा सांगितलं. प्रत्येकाने तक्रार नव्याने लिहून घेतली. शेवटी 1915 ला फोन करून ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. त्यानंतर कंपनीचा सूर बदलला. ‘विशेष बाब’ म्हणून सुटे भाग पाठवतो, बसवणं तुमच्याकडे. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. आणि मग गुरुवारची रात्र.

शुक्रवारी वरच्या वहिनींचा भाचा आला. कुपवाडच्या एमआयडीसीत फिटर आहे. खुर्ची उलटी केली आणि मांडी घालून समोर बसला. झुलती आरामखुर्ची खालच्या वाकड्या लाकडांवर डोलते. ही तशी नाही. हिची बैठक चार लोखंडी पट्ट्यांवर टांगलेली, झोपाळ्यासारखीच म्हणा ना. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना बेअरिंग, म्हणजे एकूण आठ. त्याने एकेक बोटाने फिरवून बघितलं.

“काकू, तेल कुणी घातलं?”

मी काही बोलले नाही.

“बेअरिंग दोन्ही बाजूंनी झाकलेलं असतंय. आतलं ग्रीस आत. तुमचं तेल आत गेलंच न्हाई, भाईर बसून धूळ खाल्ली त्यानं.” मग डावीकडचा मागचा बोल्ट काढून उजेडात धरला. आटे गेलेले, मधे घासून चकचकीत कमरेसारखी खाच. “बेअरिंगला काय झालं न्हाई. हितं वायसरच न्हाई की. पट्टी सांगाड्याला घासतीय. सात जागी वायसर हाय, ह्या एका जागी न्हाई.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीकडे बघत होते.

झालं होतं असं. जुलैत खोकं आलं तेव्हा खुर्ची ह्यांनी जोडली. माहितीपत्रकात अक्षर नाही, नुसती चित्रं, आणि त्यात सगळे नटबोल्ट मुंगीएवढे. सगळं जोडून झाल्यावर एक वायसर उरला. मी विचारलंसुद्धा, हा कुठला? तर म्हणे, कंपनी एखादा जास्तीचा देतेच. आणि तो बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात टाकला. आमच्याकडे त्या डब्यात 1985 पासूनचे खिळे आहेत. शुक्रवारी डबा वर्तमानपत्रावर उपडा केला तर वायसर सगळ्यात वर होता.

भाच्याने 8 एमएमचा नवा बोल्ट आणून घातला, आठवा वायसर घातला, रॉकेल नाही म्हणून पेट्रोलच्या फडक्याने माझं खोबरेल पुसून काढलं. बोल्टचे 15 आणि हाताचे 150. हाताचे घेत नव्हता, बळंच दिले. त्या रात्री मी पूर्ण झोका घेतला, मागे अगदी टेकेपर्यंत. काही आवाज नाही.

तेव्हा कंपनीबद्दल जे लिहायचं ठरवलं होतं त्यातलं निम्मं मागे घेते. निम्मं नाही घेत. आठ वायसर लागतात एवढं मराठीत नाही तर हिंदीत, निदान मोठ्या अक्षरांत छापायला काय जातंय? आणि व्हिडिओत सातच वायसर आहेत हे ज्याला दिसलं नाही त्याला तेल बरं दिसलं.

आता एक महत्त्वाचं, जे विकणारे सांगत नाहीत. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळाला घेऊन झोपायचं नाही, ते पलंगापेक्षाही धोक्याचं. बाळ आपल्या अंगाच्या आणि खुर्चीच्या हाताच्या मधल्या फटीत घसरतं, नाक दाबलं जातं. आम्ही ऐकलं आणि विसरलो. सप्टेंबरात एका पहाटे मी पाणी प्यायला उठले तर लेक खुर्चीत गाढ झोपलेली आणि बाळ हाताच्या कडेला घसरलेलं, हनुवटी छातीला टेकलेली. काही झालं नाही. पण ही खुर्ची इतकी आरामाची आहे की तिच्यात झोप लागतेच, आणि हाच तिचा दोष. त्या दिवसापासून रात्री पाजताना दुसरं कुणीतरी जागं राहणार, आणि पेंग येतेय असं वाटलं की बाळ आधी त्याच्या गादीवर, उताणं, हा नियम.

लेकीची 26 आठवड्यांची रजा जानेवारीतच संपली, सध्या इथूनच लॅपटॉपवर काम चालू आहे. मेमध्ये पुण्याला जाईल. खुर्ची न्यायची का यावर चर्चा चालू आहे. टेम्पोवाल्याने सांगितलेल्या भाड्यात इथे दोन वेताच्या खुर्च्या येतील, त्यामुळे माझ्याकडून विषय संपला आहे. दुपारी पेपर वाचायला मी तिच्यातच बसते. पाट आहेच.

काल कुरिअर आलं. दोन बोल्ट, चार वायसर, आणि तुमचं समाधान झालं असेल तर पाच तारे द्या अशी चिठ्ठी. पाठोपाठ त्या पोरीचा फोन, प्रॉब्लेम सॉल्व्ह हुआ क्या? मी हो म्हटलं. कसा, ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बोल्ट डब्यात टाकलेत.

तारे तीन. चौथा दिला असता, पण नातू आठ महिन्यांचा झाला, रांगायला लागलाय, आणि घरभर सोडून त्याला त्या खालच्या पट्ट्यांचंच वेड. बैठक मागे गेली की पट्टी आणि सांगाड्यात बोटभर फट उघडते, पुढे आली की मिटते. या खुर्चीला लॉक नाही. महागातल्या मॉडेलला असतं म्हणे, आम्ही दोन हजार वाचवले. परवापासून मी जुन्या परकराची नाडी घेऊन बैठक खालच्या दांडीला करकचून बांधते, आणि रात्री नऊला तो झोपायला आला की सोडते.