पार्कर की उनायपन? ऑस्ट्रेलियन आदिवासी कथांचे दोन संग्रह

के. लँग्लो पार्कर या गोऱ्या लेखिकेचा संग्रह १८९६ चा. न्यू साउथ वेल्समध्ये नॅरन नदीकाठी राहून त्यांनी युवालाराय लोकांच्या कथा टिपल्या. जाणत्या माणसाकडून कथा ऐकायची, इंग्रजी येणाऱ्याकडून अर्थ लावून घ्यायचा आणि लिहिलेलं पुन्हा सांगणाऱ्याला ऐकवायचं, अशी त्यांची चिकाटी. त्यातली इमूची गोष्ट वाचाच. माळढोक (आपल्या माळढोकाचाच तिकडचा भाऊबंद) स्वतःचे पंख लपवून बसते, ‘मी तर कापून टाकले’ म्हणते आणि भोळी इमू खरोखरच आपले पंख कापून घेते! मग इमूही पिल्लं लपवून असा सूड उगवते, की अंगावर काटा येतो.

डेव्हिड उनायपन मात्र स्वतः नगारिंजेरी या आदिवासी समाजातले. १९२० च्या दशकात त्यांनी कथा जमवून लिहिल्या. प्रकाशकाने हक्क परस्पर विकले आणि १९३० मध्ये पुस्तक आलं ते विल्यम रॅमसे स्मिथ यांच्या नावावर. उनायपन यांच्या नावाने ते छापायला २००१ उजाडलं. हे वाचून आजही चीड येते.

मुलांना वाचून दाखवायला पार्करच बरं. पण घरातल्या माणसाने सांगितलेली कथा हवी असेल, तर मी उनायपनच हाती देईन. फक्त २००१ ची आवृत्तीच घ्या.