टीव्ही बॉक्सचा लिनक्स पीसी: बेळगावात एक पावसाळा वापरल्यावर

एस९०५एक्स चिप आणि २ जीबी रॅमच्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सवर आर्मबियन (एआरएम प्रोसेसरच्या छोट्या संगणकांसाठीचं लिनक्स) टाकून केलेला हा पीसी. टायपिंग, ऑनलाइन अर्ज, ईमेल, पीडीएफ एवढ्याला पुरतो. फायरफॉक्सचे चार-पाच टॅब उघडले की अडखळतो आणि व्हिडिओ ७२०पीच्या वर नेऊ नये. घेताना खोक्यावरच्या आकड्यांवर जाऊ नका. ४ जीबी छापलेल्या बॉक्समध्ये कधी कधी २ किंवा १ जीबीच निघते. झाकण उघडून चिपवरचा नंबर वाचा.

आर्मबियनची इमेज (तयार सिस्टिमची एकच फाइल) ३२ जीबीच्या एसडी कार्डवर एचर या प्रोग्रॅमने लिहा. मग कार्डच्या बूट विभागात एक्स्टलिनक्सच्या (सिस्टिम कशी सुरू करायची ते सांगणाऱ्या) फाइलमधल्या एफडीटी ओळीत पी२१२ची डीटीबी, म्हणजे या चिपच्या बोर्डचं वर्णन असलेली फाइल, द्या आणि आपल्या चिपच्या यू-बूट (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) फाइलची प्रत 'यू-बूट.ईएक्सटी' नावाने ठेवा. ही प्रत ठेवायची विसरलात तर बॉक्स लोगोवरच अडकतो किंवा स्क्रीन काळी राहते. कार्डवरून सुरू करण्यासाठी कार्ड बॉक्समध्ये घालून एव्हीच्या भोकात टूथपिक घालून आतलं बटण दाबून धरायचं (टिक् झालेलं बोटाला कळतं), वीज द्यायची, लोगो आला की सोडायचं. आतल्या ईएमएमसीवर (बॉक्सच्या स्वतःच्या साठवणीवर) आर्मबियन घाईने चढवू नका. कार्डवर चालतंय तोवर अँड्रॉइड शाबूत असतं.

खरी परीक्षा विजेची. पावसाळ्यात खानापूरकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि आर्मबियनच्या काही इमेजमध्ये एफएसटॅबात (डिस्क कशा जोडायच्या ते लिहिलेल्या फाइलीत) 'कमिट=६००' म्हणजे ६०० सेकंद असतं, म्हणजे दहा मिनिटांपर्यंतचं लिखाण मेमरीतच थांबू शकतं. ते ६० करा. बॉक्सला बॅटरीवरचं घड्याळ नसतं. लाइट आल्यावर नेट नसेल तर वेळ मागे राहते आणि वेबसाइट सर्टिफिकेटची चूक दाखवतात. नेट येऊन वेळ जुळेपर्यंत थांबा. ५ व्होल्ट २ अँपिअरच्या अडॅप्टरवर हार्ड डिस्क थेट लावली तर बॉक्स रिसेट होतो, वेगळी वीज घेणारा हब लावा. आतली उष्णता शोषणारी पट्टी पातळ असते. थर्मल पॅड लावून मोठी पट्टी बसवली की उन्हाळ्यातही वेग पडत नाही. वायफायच्या स्वस्त चिपला बहुधा ड्रायव्हरच नसतो, केबल लावा.

मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी चालणं इथे महत्त्वाचं, आणि ते उत्तम जमतं. आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये एम१७एन हा कीबोर्डांचा संच घालून मराठी इनस्क्रिप्ट आणि कन्नड केजीपी हे कीबोर्ड निवडा. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्यांना केजीपी परकं वाटत नाही. सुपर (विंडोजच्या चिन्हाची की) आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते.

अर्जांच्या दुकानासाठी घेणार असाल तर आधी प्रिंटर बघा. कॅननच्या एलबीपी २९०० प्रिंटरचा कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर एक्स८६ प्रोसेसरपुरताच आहे, या एआरएम बॉक्सवर चालत नाही. डिजिटल सहीच्या बऱ्याच टोकनांचंही (सही साठवणाऱ्या यूएसबी उपकरणांचंही) तेच.