मेंदूच्या दुखापतीनंतरची थेरपी: एकट्याने की गटात?

भावाच्या मेंदूला दुखापत झाल्यावर स्मरणशक्ती आणि लक्ष सावरण्यासाठी आम्ही आधी एकट्याची सत्रं घेतली, मग गटातली. दोन्ही जवळून पाहिली म्हणून लिहितेय.

स्मरणशक्ती फारच गेली असेल, तर सुरुवात एकट्याच्या सत्रांनीच करावी. अशा माणसाला "आठव बघू" म्हणून अंदाज बांधायला लावलं की चुकीचं उत्तरच डोक्यात पक्कं बसतं. बॅडली आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हे दाखवून दिलं. त्याला बरोबर उत्तर आधीच देऊन तेच घोटून घ्यावं लागतं. गटात हे पाळणं कठीण, कारण कुणीतरी चुकीचं काहीतरी बोलून टाकतंच. गोंगाट सोसत नसेल किंवा अर्ध्या तासात थकवा येत असेल, तरीही गटाची घाई नको.

गटाचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. भाऊ घरी सतत म्हणायचा, "मला काही झालेलं नाही." तो हट्ट नव्हता. अशा दुखापतीत कधी कधी स्वतःमधला बदल मेंदूला कळतच नाही, पण आम्ही तो दाखवायला गेलो की भांडण ठरलेलं. गटात मात्र शेजारी बसलेला एकजण शांतपणे म्हणाला, "हे तू तिसऱ्यांदा विचारतोयस. मीपण असंच करायचो." आणि त्याने खिशातून छोटी वही काढली. वर तारीख, खाली वेळेनुसार कामं, झालेल्या प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण. त्याच आठवड्यात भावाने स्वतःहून वही मागितली. थेरपिस्ट महिनाभर तेच सांगत होत्या!

काम करता करता भरकटणाऱ्यांनाही गट मानवतो. थांबायचं, हेतू आठवायचा, कामाचे तुकडे पाडायचे, मग तपासायचं, हे 'गोल मॅनेजमेंट ट्रेनिंग' बऱ्याचदा गटातच देतात.

पुरावा मात्र एकतर्फी नाही. सिसरोन या संशोधकांच्या २००८ च्या अभ्यासात मेंदूला दुखापत झालेले ६८ जण होते. गटावर भर देणारा १६ आठवड्यांचा एकत्रित कार्यक्रम घेतलेले लोक नेहमीची, मुख्यतः एकेकट्याची थेरपी घेणाऱ्यांपेक्षा समाजात जास्त मिसळू लागले आणि कामालाही जास्त लागले. उलट २००० साली प्रसिद्ध झालेल्या, अशीच दुखापत झालेल्या १२० अमेरिकी सैनिकांवरच्या अभ्यासात आठ आठवडे रुग्णालयात ठेवून दिलेला कार्यक्रम आणि घरच्या घरी केलेला साधा कार्यक्रम यांत वर्षभराने नोकरीवर परतण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. त्यामुळे केवळ 'मोठा कार्यक्रम' म्हणून भुलू नका.

माझं मत विचाराल तर, माणूस स्वतःची अडचण मानतच नसेल किंवा घरात कोंडला गेला असेल, तर गट. नाव घालण्याआधी एवढं जरूर विचारा: गटात माणसं किती? आठाच्या वर गेली तर प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडं येतं. सगळ्यांची पातळी साधारण सारखी आहे का? मधेमधे एकट्याचं सत्र मिळेल का? आणि घरच्यांना एखाद्या सत्राला बसू देतात का? वहीत रोज लिहिलं जातंय की नाही, हे शेवटी घरीच बघावं लागतं.