तापमान उतरलं, पण कशामुळे?

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना ही तक्रार ओळखीची वाटेल. कंपनीने जोडून दिलेला तयार डेस्कटॉप, आत आय सेव्हन १०७०० प्रोसेसर, आणि एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवायला लावली, की बघता बघता प्रोसेसरचं तापमान १०० अंशांवर. या प्रोसेसरची मर्यादाच १०० आहे. तिथे पोचला की जीव वाचवायला तो वेग पाडतो. कागदावर ६५ वॅट लिहिलेले असले तरी टर्बोमध्ये, म्हणजे मूळ वेगाच्या वर धावताना, थोडा वेळ २०० वॅटच्याही वर जायची मुभा इंटेलने त्याला दिली आहे. तयार डेस्कटॉपमधला कूलर, म्हणजे प्रोसेसर गार ठेवणारा पंखा आणि धातूचा ठोकळा, मात्र बहुतेकदा त्या ६५ च्याच हिशोबाने बसवलेला असतो.

माझ्या मशीनचंही हेच रडगाणं होतं. पुण्यातल्या एका दुकानदाराने सांगितलं, "सर, कूलर बदलू, पेस्ट बदलू, सगळं गार होईल." पेस्ट म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारा मधला लेप. ४,८०० रुपये. मशीन घ्यायला गेलो तेव्हा त्याने लोड देऊन दाखवला: ६२ अंश. लाल-निळे दिवे लावलेला नवा कूलर, वर तांब्याच्या रंगाच्या नळ्या. जुना कूलर मागितला, तर "तो भंगारात गेला."

घरी आणल्यावर पंखा सतत पूर्ण वेगाने घोंघावू लागला. सुरू करताना दर वेळी पंखा सापडत नसल्याचा संदेश यायचा आणि एफ १ दाबल्याशिवाय मशीन पुढे सरकेना. माझ्या मदरबोर्डवर पंख्याचा प्लग कंपनीच्या स्वतःच्या धाटणीचा आहे, बाजारातला चार पिनचा पंखा त्यात बसत नाही. म्हणून दुकानदाराने तो सरळ पॉवर सप्लायच्या वायरला जोडून टाकला होता. हे एक वेळ चालवून घेतलं असतं. पण एक्स्पोर्टला आधीपेक्षाही जास्त वेळ लागत होता.

टास्क मॅनेजर उघडला. कितीही काम द्या, वेग २.९ गिगाहर्ट्झच्या वर जाईना. या प्रोसेसरचा तो मूळ वेग, टर्बोत तो ४.८ पर्यंत जातो. मग विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये शिरलो. तिथे प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांऐवजी ९९ करून ठेवली होती. हा एक टक्का दिसायला किरकोळ, पण तेवढ्याने टर्बो पूर्ण बंद होतो. गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाऊच द्यायची नाही आणि मग इंजिन कसं गार आहे ते दाखवायचं, असला हा प्रकार. मर्यादा पुन्हा १०० केली, आणि तापमान पुन्हा शंभरीला.

मग कूलर उतरवून पाहिला. नळीवर पातं ओढलं तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम. चारपैकी एक प्लास्टिकची खुंटी बोर्डात नीट रुतलेलीच नव्हती. मूळ कूलरचा बुडखा खऱ्या तांब्याचा होता, चार स्क्रूंनी आवळलेला. म्हणजे पैसे देऊन चांगली वस्तू गमावली.

फोनवर दुकानदार म्हणाला, "सर, तुम्हाला तापमान कमी हवं होतं, केलं ना कमी?" त्याच्या निर्लज्जपणाला दाद द्यावी असं क्षणभर वाटून गेलं.

कूलरचं काम करून घेणार असाल तर तापमान आणि वेग दोन्ही एकाच पडद्यावर दाखवायला सांगा. त्यासाठीचं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सिनेबेंच ही प्रोसेसरच्या ताकदीला गुण देणारी चाचणी दहा मिनिटं चालवा, आधी आणि नंतर, आणि गुण लिहून ठेवा. वेग पडून उतरलेलं तापमान तिथे लपत नाही. जुना भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मोठा टॉवर कूलर घ्यायचा तर उंची मोजा, १६ सेंटिमीटरच्या आसपासचे कूलर अरुंद कॅबिनेटमध्ये मावत नाहीत, आणि पंख्याचा प्लगही आधी तपासा.

मी त्याच मॉडेलचा मूळ कूलर जुन्या सामानाच्या विक्रेत्याकडून मिळवला, पुढच्या जाळीतली धूळ काढली, नवी पेस्ट लावली. आता लांब एक्स्पोर्टलाही ८५ च्या आत राहतो आणि टर्बो चालू असतो. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. अडचण बिलाची आहे. त्यावर कूलरचं नाव नाही, मॉडेल नाही, फक्त 'सर्व्हिस' एवढंच लिहिलंय.