शून्य कोपऱ्यात होतं, आणि मला ते दिसलं होतं

पंपाच्या फसवणुकीत गेले एकूण १४,३१८ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण अजून कुठे सांगायचा म्हटलं की जीभ अडखळते.

मी कोकणात चेनसॉ आणि ग्रासकटर दुरुस्त करतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ येऊन गेलं, त्यानंतर आमच्याकडे वाडीवाडीत करवत मशिनं आली आणि तेव्हापासून हाताला उसंत नाही. टू-स्ट्रोक इंजिन कुठून तरी एअर घ्यायला लागलं की रेस सोडली तरी आवाज खाली येत नाही, आणि एक दिवस पिस्टन चिकटतो. इतकी वर्षं मी बीपीच्या यंत्राचा फुगा आणि मीटर लावून, इंजिनात हवा भरून ती टिकते का, म्हणजे प्रेशर बघत होतो. त्याचा काटा पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे ०.४ बार (दाबाचं माप). काम भागतं. पण क्रँकच्या शाफ्टभोवती हवा अडवणारं रबरी ऑइल सील असतं, त्याची लिप, म्हणजे ओठासारखी कड, आतल्या बाजूला असते. आत हवा भरली की ती शाफ्टला आणखी घट्ट बसते आणि गेलेला सीलसुद्धा पास होतो. हवा ओढली की मग त्याचं खरं कळतं. म्हणून दोन्ही करणारा पंप हवा होता. हौसेसाठी घेतला नाही, हे घरीही दहादा सांगून झालंय.

मोबाईलवर जाहिरात आली. प्रेशर-व्हॅक्यूम टेस्टर, सोबत रबरी पट्ट्या, अ‍ॅडॉप्टर, निळी पेटी. किंमत ६,४९९, कुरिअरचे २५०. नावाजलेल्या मालाच्या निम्म्यानेही नाही. विक्रेता ‘तुमच्या पिनकोडला कॅश ऑन डिलिव्हरी नाही’ म्हणाला, मी ६,७४९ यूपीआय करून मोकळा. (आगाऊ पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा. मला सांगायचा काही अधिकार नाही, तरी सांगतो.)

पैसे पाठवायच्या आदल्या रात्री मुलगा शेजारी बसला होता. फोटो बोटांनी मोठा करून म्हणाला, "बाबा, याचं शून्य कोपऱ्यात का आहे?" मी बघितलं. डायलवर शून्य एका टोकाला, आणि तिथून आकडे एकाच दिशेने. दोन्ही दाखवणाऱ्या मीटरचं शून्य मध्ये कुठेतरी लागतं, एका अंगाला प्रेशर, दुसऱ्या अंगाला व्हॅक्यूम. कोपऱ्यात शून्य म्हणजे ते मीटर एकच काम करणार. मला हे कळत नव्हतं? रोज मीटर बघणारा माणूस मी. पण तोंडातून निघालं काय, तर "तुला काय कळतंय, नवीन मॉडेल आहे ते." अजून जेवताना तो माझ्याकडे बघतो तेव्हा मी ताटात बघतो.

माल आला. ब्रेकमधली हवा काढायचा साधा हातपंप, वर स्टिकर. बाजूला ‘प्रेशर/व्हॅक्यूम’ असा नॉब. तो कुठेही फिरवला तरी पंप ओढायचंच काम करतो. खोलून बघितला तर नॉब नुसता चिकटवलेला. विक्रेत्याला फोन केला, तर तो गोड बोलला. "सर, बदलून देतो, तोपर्यंत व्हॅक्यूम तर वापरा."

वापरला. एका गिऱ्हाइकाचं मशीन होतं, फणस कापताना रेस धरत नाही म्हणून आलेलं. मफलर काढून एक्झॉस्टला रबर लावलं, कार्बोरेटरच्या जागी पट्टी, प्लगच्या भोकात अ‍ॅडॉप्टर. अर्धा बार ओढलं, काटा सरसर खाली. वीस सेकंद तरी धरायला हवा, याने चार धरले नाहीत. दोन्ही सील बदलले, ६४० रुपये. पुन्हा खाली. सिलिंडर उतरवून गॅस्केट बदललं, १८०. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी वैतागून नळी इंजिनमधून काढली, तोंडावर अंगठा दाबला आणि पंप मारला.

काटा तसाच खाली आला. इंजिन ठीक होतं, गळत होता पंप.

नवीन टेस्टर हातात आला की आधी नळीचं तोंड बंद करून तोच तपासायचा, हे शिकाऊ पोरालासुद्धा सांगायची गोष्ट. मी सांगतोही.

विक्रेत्याचा फोन तोवर बंद. पेटीवर ‘कस्टमर केअर’ म्हणून दुसरा नंबर होता, तो लावला. शनिवार, संध्याकाळ. तिकडच्या माणसाने रिफंडचा क्यूआर पाठवला, "स्कॅन करा, रक्कम येईल". स्क्रीनवर ६,७४९ दिसले. नेमकी माझीच रक्कम, म्हणून डोकं बंद झालं. खाली नाव कुठल्याशा फळवाल्याचं, तेही वाचलं, आणि पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही! दुसऱ्यांना मीच सांगायचो हे.

बायकोला सांगायला लाज वाटली, त्यात दोन दिवस गेले. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन मंगळवारी केला. तोवर पैसे पुढे गेले होते. त्यांना दोष नाही देत. लगेच करायचा असतो तो फोन, तासाभरात, लाज बाजूला ठेवून.

दोष बाकीच्यांना देतो. ठाण्यात हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "झाडं तोडायचं मशीन ना? फॉरेस्टचा पास आहे का?" फसवला गेलो मी, आणि पास दाखवायचा मी! मग म्हणाले, अर्ज द्या. अर्ज दिला तर प्रिंट हवी. प्रिंट आणली तर साहेब बंदोबस्ताला. सायबरचं काम जिल्ह्याला चालतं म्हणून सांगितलं. एसटीने अडीच तास गेलो, तिथे म्हणाले तुमच्या ठाण्यातूनच यायला हवं. परत आलो, तर पहिला अर्ज सापडेना. बँकेत मॅनेजर मान वर न करता म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात ना?" कुरिअरवाला म्हणाला, आमचं काम पोचवायचं. ग्राहक तक्रारीसाठी गेलो तर विक्रेत्याचा पत्ता आणा म्हणाले. पत्ता माझ्याकडे असता तर मी तिथेच गेलो नसतो का? तीन महिने झाले, हातात एक पोच आहे, तीही तारीख नसलेली.

पंप घ्यायचाच तर ओळखीच्या दुकानात, काउंटरवर अंगठा दाबून, पाच मिनिटं काटा बघत उभं राहून घ्या. दुकानदार वैतागला तर वैतागू दे. दोन्ही करणारा परवडत नसेल तर ओढायला साधा ब्रेकचा पंप आणि भरायला बीपीचा फुगा, चांगलं चालतं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. पेटीवरच्या नंबरला फोन करू नका.

परवा तीच जाहिरात पुन्हा आली. नाव नवीन, पेटी लाल, भाव ५,९९९. मी खाली लिहिलं की शून्य बघा. दहा मिनिटांत कमेंट गेली आणि मला ब्लॉक केलं.