कॉलेजच्या ख्रिस्ती मूल्यांवर आधारित टेनिस वर्गात पाच महिने: माझा अनुभव

आमच्या कॉलेजात शारीरिक शिक्षणाचा एक विषय घ्यावाच लागतो. मी 'टेनिस, प्राथमिक' घेतला. कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आहे आणि विषयाच्या माहितीत 'ख्रिस्ती मूल्यांवर आधारित' असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ख्रिस्ती नाही, आणि रॅकेटही त्याआधी कधी हातात धरली नव्हती. त्यामुळे दोन्ही बाबतींत धाकधूक होती. आता आठवड्याला दोन तास असे पाच महिने पूर्ण झालेत. असाच वर्ग निवडावा की नाही या विचारात जे असतील, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

आधी टेनिसबद्दल. पहिले तीन आठवडे आम्ही पूर्ण कोर्टवर गेलोच नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंच्या सर्व्हिस बॉक्समध्ये, म्हणजे जाळीपासून 6.40 मीटरच्या आत उभं राहून, नारिंगी ठिपक्याच्या चेंडूने खेळायचं. हा चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा साधारण निम्म्या वेगाने येतो आणि उसळतोही कमी. मला आधी ते लहान मुलांचं वाटलं. पण दुसऱ्याच तासाला समोरच्या मुलीबरोबर सलग आठ फटके झाले, तेव्हा मत बदललं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2007 मध्ये नवशिक्यांना हळू चेंडू द्या असा आग्रह धरणारी मोहीम सुरू केली, त्यामागचं कारण इथे हाताला कळतं. रॅली, म्हणजे सलग फटक्यांची देवाणघेवाण, चालली तर माणूस टिकतो. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाचा चेंडू दिला असता तर निम्मा वेळ कुंपणाजवळ चेंडू गोळा करण्यात गेला असता. पुढे हिरव्या ठिपक्याचा चेंडू आला, तो साधारण पाव भागाने हळू. पिवळा चेंडू दहाव्या आठवड्यात मिळाला.

मॅडमची एक युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. चेंडू जमिनीवर पडला की मोठ्याने 'टप्पा' म्हणायचं, रॅकेटला लागला की 'फटका'. तेवढंच. पण चार दिवस हे म्हटल्यावर माझी चूक माझ्याच कानांना ऐकू आली. 'टप्पा' म्हणून झाल्यावर माझा हात मागे जायला सुरुवात व्हायची, आणि 'फटका' म्हणेपर्यंत चेंडू शरीराच्या मागे गेलेला असायचा. समोरच्याने चेंडू मारताक्षणी खांदा वळवायचा, टप्पा पडेपर्यंत रॅकेट मागे तयार हवी. हे मला आधी पाचसहा वेळा सांगून झालं होतं. डोक्यात शिरलं ते तोंडाने म्हणायला लागल्यावर.

सर्व्हिस मात्र अजून कच्ची आहे. हातोडी धरतो तशी पकड धरायची, ज्याला काँटिनेंटल म्हणतात, आणि हवेत उडवलेला चेंडू हात पूर्ण ताणून मारायचा. सगळी मेख चेंडू उडवण्यात आहे. मॅडम पुढच्या पायासमोर, किंचित उजवीकडे, रॅकेट जमिनीवर ठेवायच्या आणि सांगायच्या, चेंडू उडवा, मारू नका, खाली येऊन तो रॅकेटच्या तारांवर पडला पाहिजे. पहिल्या दिवशी दहांतले माझे दोन पडले, सत्राच्या शेवटी सात. तोवर खालून सर्व्हिस करायची मुभा होती आणि त्यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नव्हतं. ती नियमात बसते. 1989 च्या फ्रेंच ओपनमध्ये सतरा वर्षांच्या मायकेल चँगने, पायात गोळे आलेले असताना, पाचव्या सेटमध्ये इव्हान लेंडलला खालून सर्व्हिस केली होती. तो सामना आणि पुढे ती स्पर्धाही त्याने जिंकली. चँग स्वतःच्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल नेहमीच उघडपणे बोलत आलाय, त्यामुळे त्याचं नाव आमच्या वर्गात दोन्ही कारणांनी निघायचं.

आता मूल्यांबद्दल. तासाची सुरुवात दोन मिनिटांच्या प्रार्थनेने व्हायची. ज्यांना सहभागी व्हायचं नसेल त्यांनी शांत उभं राहायचं. कुणी कधी विचारलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही. त्यानंतर पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एखादं वचन. काही आठवडे ते खेळाला घट्ट जोडलेलं असायचं. पौल या प्रेषिताने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीचा दाखला आहे: धावतात सगळे, बक्षीस एकालाच, आणि स्पर्धक नाशवंत मुकुटासाठी अंगाला शिस्त लावतात. करिंथजवळ इस्थमियन खेळ दर दोन वर्षांनी भरत आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे, म्हणजे पत्र वाचणाऱ्यांना 'नाशवंत' म्हणजे काय हे सांगायची गरजच नव्हती. हे कळल्यावर वचन माझ्या डोक्यात राहिलं. काही आठवडे मात्र वचनाचा आणि त्या दिवसाच्या बॅकहँडचा संबंध ओढूनताणून लावल्यासारखा वाटला.

खरी मूल्यं मला प्रार्थनेत भेटली नाहीत, रेषेवर भेटली.

नवशिक्यांच्या टेनिसमध्ये पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. रेषेला किंचित स्पर्श झाला तरी तो आत. नीट दिसला नाही, तर निर्णय समोरच्याच्या बाजूने. चेंडूचा दुसरा टप्पा पडला असेल किंवा आपला हात जाळीला लागला असेल, तर तेही आपणच बोलायचं. आमच्या वर्गाने यात एक भर घातली होती: 'बाहेर' म्हटल्यावर आपली चूक लक्षात आली तर तोंडाने सांगायचं आणि गुण समोरच्याला द्यायचा.

चौथ्या महिन्यातला एक सामना. मी 30-40 ने मागे होते, म्हणजे अजून एक गुण गेला की गेम गेला. समोरच्या मुलीचा फोरहँड माझ्या बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, आला आणि माझ्या तोंडून 'आऊट' निघून गेलं. खरं तर मला चेंडू दिसला तो पडल्यानंतर, उसळताना. रेषा आणि चेंडू यांच्यामधली फट मी पाहिलीच नव्हती. ती काही बोलली नाही, पुढच्या गुणासाठी मागे वळली. मी खिशातून चेंडू काढला, जमिनीवर दोनदा आपटला आणि थांबले. मग म्हणाले, "मला दिसला नव्हता. आत धर." गेम गेला. बाजूच्या कोर्टवरून मॅडमनी हे पाहिलं होतं, पण कौतुक वगैरे काही केलं नाही. म्हणाल्या, "बाजू बदला, पुढचा गेम." मला ते फार आवडलं. खरं बोलणं ही शाबासकी घेण्याची गोष्ट नाही, असंच त्यांनी ते धरलं. पुढच्या आठवड्याचं वचन लूकच्या शुभवर्तमानातलं होतं, थोडक्याविषयी विश्वासू असलेला पुष्कळाविषयीही विश्वासू असतो. माझं नाव घेतलं नाही.

तक्रारी आहेत, आणि त्या लहान नाहीत. तीन कोर्ट, चोवीस विद्यार्थी. म्हणजे तासातला जवळजवळ निम्मा वेळ रांगेत. भिंतीवर सराव करायची सोय होती, पण तिथे लक्ष द्यायला कुणी नसे, आणि मला वाटतं माझ्या बॅकहँडमधल्या वाईट सवयी तिथेच लागल्या. कॉलेजच्या रॅकेटच्या तारा सैल झालेल्या, पकडीचं वेष्टण झिजून गुळगुळीत झालेलं. त्यामुळे मी मूठ अधिकच आवळायचे आणि दुसऱ्या महिन्यात मनगट धरलं. स्वतःची रॅकेट घेतल्यावर दोन आठवड्यांत दुखणं गेलं. नवशिक्याने 270 ते 285 ग्रॅमची, तारांचा भाग 100 ते 105 चौरस इंच असलेली रॅकेट पाहावी. आणि धावायचे बूट घालून जाऊ नका. टेनिसमध्ये सारखं आडवं पळावं लागतं, त्या बुटांत घोटा मुरगळू शकतो.

सगळ्यात मोठी तक्रार चिंतनवहीची. दर आठवड्याला 'आज खेळातून काय शिकलो' यावर अर्धं पान लिहायचं आणि त्याला गुण. ज्या गोष्टीला गुण मिळतात, तिथे मुलं गुण मिळतील असंच लिहितात. वर्गात खरेपणा शिकवायचा आणि वहीत गोड लिहिण्याला बक्षीस द्यायचं, हे मला पटलं नाही. मी ते शेवटच्या अभिप्रायात लिहिलंय. वही ठेवावी, गुण देऊ नयेत. उरलेलं मूल्यमापन चांगलं होतं: नियमांची छोटी लेखी परीक्षा, सलग रॅली, दहा सर्व्हिस आणि हजेरी.

फक्त टेनिस वेगाने शिकायचं असेल, तर एका कोर्टवर चार जणांपेक्षा जास्त नसतील असा वर्ग शोधा. तिथे हात लवकर बसेल. पण पाच महिन्यांनी मी समोरच्याच्या चांगल्या फटक्याला मनापासून 'छान' म्हणते आणि सामना संपल्यावर जाळीशी जाऊन हात मिळवते, हे मला या वर्गाने दिलं. धर्म कुणी लादेल ही भीती असेल, तर निदान माझ्या वर्गात तसं झालं नाही.

पुढच्या सत्राच्या वर्गासाठी नाव दिलंय. जिच्याविरुद्ध तो गेम हरले, ती आणि मी आता वर्गाबाहेरही खेळतो. मी सर्व्हिससाठी चेंडूंची टोपली घेऊन अर्धा तास आधी जाते आणि पुढच्या पायासमोर रॅकेट ठेवून चेंडू उडवत बसते. दहांतले आठ अजून झाले नाहीत.