अण्णांचा 'वायरलेस' आणि एम. जी. रोडवरचं जिन्याखालचं दुकान

अण्णा 83 वर्षांचे, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. हॉलमधला लँडलाइन वाजला की मागच्या अंगणातून घाईघाईने आत येतात. दोनदा उंबऱ्याला ठेचकाळले, तेव्हा मला म्हणाले, "मला वायरलेस आणून दे."

एम. जी. रोडवरच्या पहिल्या दुकानात 'वायरलेस' म्हटल्यावर मुलाने कानात घालायचे इअरबड्स काढले. दुसऱ्याने चार्जिंगची तबकडी दाखवली. त्यांचं चुकलं नाही, आज वायरलेस म्हणजे तेच. मला मात्र त्या शब्दासरशी 2003 च्या सिंहस्थात रामकुंडावर पोलिसांच्या हातात खरखरणारे सेट आठवतात.

तिसरं दुकान जिन्याखालचं, दोन गिऱ्हाइकं जेमतेम उभी राहतील एवढं. तिथल्या काकांनी काही दाखवायच्या आधी विचारलं, "ताई, फोन घेऊन गावात फिरायचंय की घरातल्या घरात?" या एका प्रश्नासाठी मी हे लिहिते आहे. घरातल्या घरात म्हटल्यावर वरच्या फळीवरून कॉर्डलेसचा खोका खाली आला. यातला हॅन्डसेट फक्त स्वतःच्या बेसशी, म्हणजे तो ठेवायच्या स्टँडशी बोलतो आणि बेसला लँडलाइनची वायर लागतेच, हे त्यांनी नीट समजावलं. मोबाईल एका टॉवरवरून दुसऱ्यावर जात राहतो. सेलफोनमधला 'सेल' म्हणजे एकेका टॉवरच्या वाट्याचा इलाखा, हेही तिथेच कळलं. अण्णांच्या लेखी सेल म्हणजे टॉर्चमधला. तसेच दोन बारीक सेल या हॅन्डसेटला लागतात, पण चार्ज होणारेच. साधे घातले तर गळतात.

किंमत 2,450 रुपये. खोक्यावर मोकळ्यात 300 मीटर लिहिलंय. आमच्याकडे दोन भिंतींपलीकडे पेरूच्या झाडापर्यंत आवाज स्वच्छ येतो, फाटकापाशी तुटतो. बटणं मोठी आहेत. बेसवरचं बटण दाबलं की उशीखाली राहिलेला हॅन्डसेट वाजतो, ही सोय फार कामाची.

खोट एकच, पण मोठी. लाइट गेली की बेस बंद. आमची लाइन अजून तांब्याची, त्यामुळे जुना वायरचा फोन तेव्हाही चालतो, तो काढून टाकू नका. फायबर असेल तर मोडेमबरोबर दोन्ही बंद पडतील.

मोबाईल घेऊन द्यायचा की, असं माझी मुलगी म्हणाली. तिच्या तोंडी फोन म्हणजे मोबाईलच. अण्णा अजून "मोबाईलवर नको, फोनवर बोल" म्हणतात. 2003 पर्यंत मोबाईलवर आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, तेव्हाची ती सवय. मला ती मोडायची नाही.

काल आत्याचा फोन आला. अण्णा पेरूखाली खुर्चीत बसून अर्धा तास बोलले. सुरुवातीलाच तिला सांगितलं, "वायरलेसवरून बोलतोय गं."